डार्क वजा केले की रोझेट नेब्युला गायबच होतोय, डार्क फ्रेममध्ये काय चुकतंय?

मृगाचा_पट्टा

नमस्कार मंडळी, गेले आठ दिवस एकाच ठिकाणी अडकलोय आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतो. जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

सेटअप असा आहे, ६ इंची एफ/५ न्यूटोनियन, ५३३ सेन्सरचा कूल्ड कलर कॅमेरा (सेन्सर थंड ठेवणारा), मधे फिल्टर ड्रॉवर आणि त्यात ड्युअल बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच पट्टे आत सोडणारा). कॅप्चर नीना या सॉफ्टवेअरमध्ये करतो, स्टॅकिंग म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र रचणं सिरिलमध्ये. कॅमेरा घेऊन वर्ष झालं पण पुण्यातल्या गच्चीवरून आत्तापर्यंत चंद्र, गुरू, शनी हेच केलं, डीप स्काय खऱ्या अर्थाने आत्ता पहिल्यांदा.

जानेवारीच्या अमावास्येला भंडारदऱ्याच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतावर गेलो होतो, धाकटा भाऊ सोबत होता, थंडी मरणाची आणि आकाश इतकं स्वच्छ की काक्षी आणि प्रश्वाच्या मधून जाणारा आकाशगंगेचा तो फिका पट्टासुद्धा डोळ्यांना दिसत होता. तिथेच रोझेट हा तेजोमेघ (नेब्युला) लावला. ३०० सेकंदांच्या ४८ फ्रेम मिळाल्या, म्हणजे पूर्ण ४ तास. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) १००, सेन्सर मायनस १० वर. एकेक फ्रेम नुसती स्ट्रेच करून, म्हणजे अंधुक भाग उजळून बघितली तरी मधली पोकळी आणि भोवतीच्या पाकळ्या पुसट का होईना पण दिसतात, त्यामुळे डेटा चांगला आहे याची खात्री आहे.

फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) आणि बायस (झाकण लावून अगदी कमी वेळाच्या) तिथेच काढले. डार्क (झाकण लावून मूळ फोटोइतक्याच वेळाच्या फ्रेम) राहिले कारण पहाटे दव इतकं पडलं की लॅपटॉपवरून पाणी ओघळायला लागलं आणि आम्ही आवरतं घेतलं. घरी आल्यावर रविवारी दुपारी हॉलमध्ये दुर्बीण तशीच ठेवून पुढचं प्लॅस्टिकचं झाकण लावलं, वरून जाड चादर टाकली, नीनामध्ये फ्रेमचा प्रकार डार्क निवडला, ३०० सेकंद, गेन १००, मायनस १०, अशा ३० फ्रेम घेतल्या. अडीच तास पंखा घरघरत होता.

आता गंमत बघा, सिरिलमध्ये डार्क न लावता नुसते बायस, फ्लॅट घेऊन स्टॅक केलं तर रोझेट दिसतो, फक्त सगळीकडे लाल-निळे-हिरवे ठिपके आहेत. डार्क लावले की बॅकग्राउंड काळंकुट्ट, नेब्युला नाहीच, फक्त मोठे तारे उरतात आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तर तेही धड नाहीत. तीन वेळा स्टॅक केलं, सिरिल काढून परत टाकलं, फोल्डर नवीन बनवले, काही फरक नाही. डार्क फ्रेम उघडून बघितली तर ऑटो स्ट्रेचमध्ये राखाडी दिसते, उजवीकडे खाली जरा उजळ. पण डार्क असेच दिसतात असं वाटून सोडून दिलं.

सिरिलमध्ये काही सेटिंग चुकतंय का? का कॅमेराच बिघडलाय? महिन्याभराचं नियोजन करून मिळालेली रात्र आहे ही, टाकून द्यायची नाहीये.


दुर्बीणवाली_ताई

कॅमेरा बिघडलाय हे इतक्यात ठरवू नका. आणि सिरिलला हात लावू नका, ते त्याला जे दिलंय तेच वजा करतंय.

आधी आकडे द्या. ऑटो स्ट्रेचवरून डार्क चांगला का वाईट हे कधीच कळत नाही कारण ऑटो स्ट्रेचचं कामच मुळी असं आहे की समोर जे येईल ते ताणून मधल्या राखाडीपर्यंत आणायचं, मग ते आकाश असो नाहीतर बंद झाकण. एक लाइट (आकाशाची फ्रेम), एक डार्क, एक बायस घ्या, तिन्हींचा मीडियन (पिक्सेलच्या आकड्यांतला मधला) सांगा. नीनामध्ये इमेजच्या बाजूला स्टॅटिस्टिक्सची चौकट येते तिथे मिळेल, सिरिलमध्येही स्टॅटिस्टिक्स आहे. आणि लाइट व डार्क दोन्हींचा फिट्स हेडर (फाइलमधली नोंद) उघडून एक्सपोजर, गेन, ऑफसेट, सेट-टेम्प आणि सीसीडी-टेम्प या पाच ओळी इथे लिहा. आठवणीतून नको, फाइलमधून बघून लिहा.


मृगाचा_पट्टा

ताई, लगेच बघितलं.

बायस मीडियन ५०१. लाइट मीडियन ५४८. डार्क मीडियन ९०५.

हेडरमध्ये एक्सपोजर दोन्हींचं ३००, गेन दोन्हींचा १००, तापमान दोन्हींचं सेट मायनस १० आणि प्रत्यक्षात पण मायनस १०. पण ऑफसेट लाइटमध्ये ५० आणि डार्कमध्ये ७० दिसतोय!! मी तर ऑफसेटला हातच लावला नव्हता, ७० कुठून आला काही कळेना.


दुर्बीणवाली_ताई

सापडलं, निदान अर्धं तरी सापडलं. तुमचा डार्क तुमच्या लाइटपेक्षा उजळ आहे. यापुढे सिरिल काय, कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकणार नाही.

हिशोब नीट मांडून बघू, एकदा का तो डोक्यात बसला की पुढे कधी अडणार नाही. कॅमेरा काहीही न बघता जो आकडा देतो तो बायस, तुमच्याकडे ५०१. हा पाया मुद्दाम शून्याच्या वर उचलून ठेवलेला असतो, नाहीतर नॉइज शून्याखाली गेला की तो भाग कापला जातो आणि माहिती कायमची जाते. हे उचलणं म्हणजेच ऑफसेट. तुमच्या लाइटचा मीडियन ५४८, म्हणजे पायाच्या वर फक्त ४७. भंडारदऱ्याचं आकाश आणि रोझेटच्या पाकळ्यांचा बहुतेक भाग त्या ४७ आकड्यांच्याच आसपास आहे. अंधारं आकाश आणि वर ड्युअल बँड फिल्टर असल्यावर इतकंच येणार, त्यात काही गैर नाही. पण तुम्ही त्यातून ९०५ वजा करताय, म्हणजे जवळजवळ सगळी फ्रेम शून्याखाली गेली. मोठे तारे हजारोंत असतात म्हणून तेवढे वाचले.

आता डार्क ९०५ का? ५० ऑफसेटला बायस ५०१ येतोय म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात एका ऑफसेटला साधारण १० आकडे. ७० ला पाया ७०० च्या जवळ जाईल. ते २०० समजले. पण अजून २०० वर आहेत, ते कुठून आले? उष्णतेने म्हणाल तर नाही, ५३३ चा डार्क करंट (उष्णतेने सेन्सरमध्ये आपोआप साचणारा सिग्नल) मायनस १० ला इतका कमी असतो की पाच मिनिटांत मीडियन दोन-चार आकड्यांच्या वर हलायला नको. मग उरतो उजेड. दुपारी हॉलमध्ये काढलेत ना, तर कुठून तरी उजेड आत जातोय असा माझा दाट संशय आहे आणि उजव्या कोपऱ्यातला तो उजळपणा हीच त्याची खूण.

खात्री करायची असेल तर आत्ता आहे तशाच स्थितीत, दुपारच्याच उजेडात, ७० ऑफसेटवरच तीन डार्क घ्या, १ सेकंद, ६० सेकंद आणि ३०० सेकंद, आणि मीडियन लिहा. ऑफसेट वेळेवर अवलंबून नसतो, तो १ सेकंदालाही पूर्ण दिसेल. उजेड वेळेबरोबर वाढत जाईल. हे दोन्ही दोष एकत्र आले की नुसतं ३०० सेकंदांच्या फ्रेमकडे बघून वेगळे करता येत नाहीत, म्हणून ही तीन फ्रेमची पायरी.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते कारण हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्या कॅमेऱ्यांना आत शटर नसतं. नीनामध्ये तुम्ही डार्क निवडता तेव्हा कॅमेऱ्यात काहीही बंद होत नाही, फक्त फाइलवर डार्क असं लेबल लागतं. झाकण लावलंय का, नीट बसलंय का, हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्गच नाही. अंधार आपल्यालाच करावा लागतो.


कूलर_नागपूर

ताईंनी बरोबर पकडलंय. तुमचं तापमान जुळतंय हे चांगलं, पण हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून आमच्या विदर्भातला अनुभव टाकतो.

पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कची मान्यता मिळाल्यापासून आम्ही चार-पाच जण उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या बाजूला जातो. मागे एप्रिलच्या शेवटी गेलो तर रात्री दहालाही हवा ३४ अंश, मी सवयीने मायनस १० सेट केलं आणि झोपून गेलो, सकाळी हेडर बघतो तर सेट-टेम्प मायनस १० आणि सीसीडी-टेम्प मायनस १, मग शून्य, मग पहाटे मायनस ४, कूलर रात्रभर १०० टक्क्यांवर. हे कूलर हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली नेतात, त्याच्या पुढे कितीही ताण दिला तरी जात नाहीत. मी डार्क मायनस १० चे वापरले, ठिपके तसेच राहिले, महिनाभर सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. डार्क करंट दर ६-७ अंशांना साधारण दुप्पट होतो म्हणजे ९-१० अंशांचा फरक लहान नाही.

तेव्हापासून डार्कच्या दोन लायब्ररी ठेवल्या आहेत, थंडीची मायनस १० ची आणि उन्हाळ्याची शून्याची. कूलर ७०-८० टक्क्यांच्या आत राहील असंच तापमान निवडतो. थोडं गरम चालेल पण स्थिर पाहिजे.


रात्रपाळी

एक वेगळा मुद्दा मांडतो. ५३३ ला डार्क हवेतच कशाला? या सेन्सरला अँप ग्लो (सेन्सरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा कडेला दिसणारा उजेड) नाही, डार्क करंट नगण्य. बायसचा मास्टर (सगळ्या बायस एकत्र करून एक फ्रेम) करा, तोच डार्कच्या जागी द्या, आणि शूट करताना डिथरिंग चालू ठेवा, दर दोन-तीन फ्रेमला माउंट जरासं हलवलं की हॉट पिक्सेल (कायम उजळ दिसणारे ठिपके) दर वेळी वेगळ्या ताऱ्यांवर पडतात आणि स्टॅकिंगच्या रिजेक्शनमध्ये, म्हणजे बेमेळ आकडे वगळताना, निघून जातात. मी दीड वर्ष असंच करतोय, डार्कवर एक मिनिट घालवलेलं नाही. तुमच्या ठिपक्यांवरून वाटतंय की डिथर बंद होतं.


दुर्बीणवाली_ताई

रात्रपाळी, ५३३ आणि ५७१ सेन्सरसाठी तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि डिथरिंग तर प्रत्येकाने करायलाच हवं. पण यांच्या ४८ फ्रेम काढून झाल्यात, आता डिथर मागे जाऊन करता येणार नाही, हॉट पिक्सेल घालवायला त्यांना डार्कच लागणार.

आणि हे सरसकट सगळ्यांना सांगू नका अशी विनंती आहे, इथे २९४ सेन्सरवाले पण बरेच आहेत. माझ्याकडे आधी २९४ होता. त्याचा ग्लो उजव्या कडेने आत पसरतो, ३०० सेकंदांत चांगला ठळक होतो, आणि तो फक्त तंतोतंत त्याच एक्सपोजर, गेन आणि तापमानाच्या डार्कनेच जातो. त्याला बायसवर भागवायला गेलात किंवा डार्क ऑप्टिमायझेशनने १८० चा डार्क ३०० ला ताणलात तर ग्लो अर्धवट राहतो, कारण ग्लो आणि पिक्सेलचा डार्क करंट एकाच प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय त्या सेन्सरचे अगदी छोट्या एक्सपोजरचे बायस भरवशाचे नसतात म्हणून फ्लॅटसाठी फ्लॅटच्याच वेळेचे डार्क काढावे लागतात. ज्याचा जो सेन्सर त्याप्रमाणे.


डीएसएलआर_कोल्हापूर

मी अजून साध्या डीएसएलआरवरच आहे, आमची दुखणी थोडी वेगळी पण मूळ तेच, म्हणून दोन ओळी.

एक म्हणजे कॅमेऱ्याच्या मेन्यूत लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन असतं ते बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक ३ मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा गुपचूप अजून ३ मिनिटं स्वतःचा डार्क काढत बसतो, रात्र अर्धी होते आणि बाहेरचा टायमर दर दुसरी फ्रेम चुकवतो. मला वाटत होतं केबल खराब आहे, दोन केबल बदलल्या, शेवटी हे निघालं. दुसरं, व्ह्यूफाइंडरच्या काचेतून मागून उजेड आत शिरतो, डार्क काढताना त्यावर काळी टेप लावा, पट्ट्याला अडकवलेलं छोटं रबरी झाकण त्यासाठीच येतं, बहुतेक जण फेकून देतात. आणि आमच्यात कूलर नाही त्यामुळे डार्क शूटिंगच्या जागीच काढायचे, लाइट संपले की लगेच, घरी येऊन खोलीत काढले तर तापमान जुळतच नाही. कोणी फ्रिजमध्ये ठेवून काढा म्हणतात, मी एकदा केलं होतं, बाहेर काढल्यावर बॉडीवर पाण्याचे थेंब जमले, परत नाही केलं.


मृगाचा_पट्टा

सगळ्यांचे खूप खूप आभार, आणि ताई तुमचे तर विशेष. तीन दिवस लागले पण सगळं एकेक करून केलं, आता पूर्ण सांगतो.

आधी जशी परिस्थिती होती तशीच, हॉल, दुपार, चादर, ऑफसेट ७०. १ सेकंदाचा मीडियन ७०१. ६० सेकंदांचा ७४२. ३०० सेकंदांचा ९०६. म्हणजे ताई म्हणाल्या तसंच झालं, ७०१ पर्यंत ऑफसेट आणि त्यापुढे सेकंदागणिक चढत जाणारा उजेड. कागदावर तीन ठिपके काढून पट्टी लावली तर सरळ रेघ आली, इतकं स्पष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

ऑफसेट ७० कुठून आला तेही सापडलं. डिसेंबरमध्ये गुरूचे व्हिडिओ दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढताना मी ऑफसेट वाढवला होता आणि ती व्हॅल्यू कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये तशीच राहिली. भंडारदऱ्याला मित्राने दिलेला तयार सिक्वेन्स वापरला, त्यात ऑफसेटच्या रकान्यात ५० भरलेला होता. घरी डार्कसाठी नवीन सिक्वेन्स केला त्यात गेन भरला, ऑफसेटचा रकाना रिकामा सोडला, आणि रिकामा सोडला की कॅमेऱ्यात त्या घडीला जे असेल तेच जातं. रिकाम्या रकान्यात फिक्या अक्षरात ७० दिसत होतं, मी त्याकडे लक्षच दिलं नाही.

मग उजेडाचा शोध. रात्री हॉलचे दिवे बंद केले, पडदे लावले, शेजारच्या इमारतीचा दिवा येत होता तिथे उशा लावल्या. ऑफसेट ५०, नीनामध्ये १० सेकंदांचं एक्सपोजर लूपवर टाकलं आणि भाऊ मोबाइलचा टॉर्च घेऊन एकेका जागी धरत गेला, मी मीडियन वाचत होतो. पुढच्या झाकणावर ५०२. नळीच्या मागे आरशाच्या स्क्रूंजवळ ५०८, मला वाटलं हेच असणार. फोकसरच्या नळीवर ५०१. मग त्याने टॉर्च फिल्टर ड्रॉवरजवळ नेला आणि आकडा एकदम ३९०० वर गेला! ड्रॉवर सरकवायची जी फट असते ती बाहेरून बंद दिसते पण तिच्या उजव्या टोकाला नखभर जागा आहे, आणि ती फिल्टर आणि कॅमेरा यांच्या मधेच उघडते, त्यामुळे आत आलेला उजेड फिल्टरमधून न जाता थेट सेन्सरवर पडतो. म्हणूनच उजवा खालचा कोपरा उजळ. चादर टाकली होती पण ड्रॉवरच्या बाजूने ती कॅमेऱ्याच्या केबलमुळे वर उचललेली होती.

मग कॅमेरा दुर्बिणीवरून सोडवला, त्याचं स्वतःचं धातूचं झाकण आटे फिरवून घट्ट लावलं आणि रात्री कपाटावर ठेवला, वर काळं कापड, पण पंख्याची जागा मोकळी ठेवून. ऑफसेट ५०. १ सेकंद ५०१, ६० सेकंद ५०१, ३०० सेकंद ५०३. हे तीन आकडे बघून जे वाटलं ते लिहिता येणार नाही. रात्री ११ ला ३० फ्रेम लावल्या, दीडला संपल्या.

सिरिलमध्ये मास्टर डार्क नॉर्मलायझेशन (फ्रेमचे आकडे एका पातळीवर आणणं) न करता बनवला, आधी चुकून करत होतो का ते आठवत नाही पण आता नक्की बंद ठेवलं. मग सगळं परत कॅलिब्रेट, परत स्टॅक. ठिपके गेले, कोपरे सपाट झाले, आणि रोझेट आला. पाकळ्यांच्या आतल्या कडेला काळ्या धुळीच्या त्या बारीक गाठी असतात ना एका रांगेत, त्यासुद्धा दिसतायत. भावाला झोपेतून उठवून दाखवलं.

एकच शंका उरली आहे, ती फट भंडारदऱ्यालाही उघडीच होती. मग लाइटमध्ये पण उजेड गेला असेल का?


दुर्बीणवाली_ताई

वाचून फार बरं वाटलं. मीही आरशाच्या मागच्या बाजूवरच पैज लावली असती, ड्रॉवर माझ्या डोक्यातही नव्हता. आता माझाही तपासते.

लाइटमध्ये थोडा उजेड गेलेला असू शकतो, पण शेतावर अमावास्येच्या रात्री उजेड असणार कुठून, तुमचा लॅपटॉप आणि भावाचा टॉर्च एवढंच. ४८ फ्रेमचे मीडियन क्रमाने एका खाली एक लिहा. एखादी फ्रेम मधेच २०-३० ने उडी मारलेली दिसली तर त्या वेळी कोणीतरी टॉर्च लावला असणार, ती फ्रेम काढून टाका. हळूहळू चढत किंवा उतरत गेलेले असतील तर ते आकाशच आहे, रोझेट क्षितिजाकडे जाताना तसं होतंच, ते सिरिलच्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने निघेल. पुढच्या वेळी ड्रॉवरच्या भोवती काळी इन्सुलेशन टेप दोन वेढे, आणि वर जुन्या काळ्या मोज्याचा तुकडा चढवा, काम होतं.


मृगाचा_पट्टा

४८ पैकी दोन उडी मारलेल्या सापडल्या, ११ वी आणि १२ वी, ५४८ च्या ऐवजी ५७१ आणि ५६६. भावाला विचारलं तर म्हणाला तेव्हा थर्मास शोधत होता. दोन्ही काढल्या.


नवीन_ग्रह

खूप शिकायला मिळालं या धाग्यातून. माझाही ५३३ आहे, ठाण्यात राहतो, आत्ता १८० सेकंदांचे लाइट आहेत. वरच्यांसारखे ३०० चे डार्क मित्राकडून मिळतायत, चालतील का? आणि पावसाळ्यात कॅमेरा बंद ठेवायचा का?


कूलर_नागपूर

मित्राचे अजिबात नकोत, मॉडेल एक असलं तरी प्रत्येक सेन्सरचे हॉट पिक्सेल वेगळे, त्याच्या डार्कने तुझ्या फोटोत नवीन काळे खड्डे पडतील. तुझे तूच काढ, १८० चेच काढ, तुझ्या लाइटच्या हेडरमधला गेन आणि ऑफसेट बघून, दोन्ही रकाने हाताने भरून. फाइलच्या नावात गेन, ऑफसेट, तापमान आपोआप येईल असा पॅटर्न नीनाच्या ऑप्शन्समध्ये लावता येतो, तो आजच लाव.

आणि पावसाळा तर याच कामाचा. जून ते सप्टेंबर आकाश मिळणार नाहीच, मी दर वर्षी जुलैत रात्री कॅमेरा कपाटात ठेवून ६०, १२०, १८०, ३०० असे डार्क काढतो, प्रत्येकी ३०-४०, दोन तापमानांना. तुझ्याकडे ठाण्यात दमट हवा आहे तेवढं सांभाळ, थंड सेन्सरच्या काचेवर बाष्प धरलं तर डार्कमध्ये ते दिसणारही नाही आणि ऑक्टोबरात पहिल्या लाइटला मधोमध धुरकट गोल येईल. कॅमेऱ्यातल्या सिलिका जेलच्या गोळ्या आधी बघून घे.